रिकाम्या चौकटीतला खेळाडू

मित्रांनो, मी बेसबॉलचा एक जुना ग्लोव्ह आहे, आणि तोही उजव्या हातात घालायचा. हे आधीच सांगितलेलं बरं. दुकानात मला उचलणारे बहुतेक लोक डावा हात आत घालायला बघत, त्यांचा अंगठा करंगळीच्या जागी अडकत असे, आणि जणू माझीच काही चूक झाल्यासारखं तोंड करून ते मला परत खुंटीवर अडकवत.

बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा लांबचा चुलत भाऊ समजा. क्रिकेटमध्ये एकट्या यष्टिरक्षकाचे लाड होतात, बाकीचे बिचारे उघड्या हातांनी झेल घेतात. आमच्याकडे मात्र क्षेत्ररक्षण करणाऱ्या प्रत्येकाला एकेक ग्लोव्ह असतो. ज्या हाताने चेंडू फेकायचा तो मोकळा ठेवायचा आणि दुसऱ्या हातात आम्हाला घालायचं. म्हणजे माझ्यासाठी डावखुरा माणूस हवा. डावखुरी माणसं कमी असतात, त्यामुळे आयुष्याचा बराच काळ मी लटकून काढला. लटकणाऱ्याला दुसरं काम काय? येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचं आणि मनातल्या मनात प्रश्न विचारायचे. अशाने माझा स्वभाव फार चौकस झाला. प्रश्न पुष्कळ आणि तोंड नाही, अशी माझी अवस्था आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. गाईचं कमावलेलं कातडं कापून मला आधी उलट्या बाजूने शिवलं, मग सुलट केलं आणि लाकडी पंजावर चढवून चांगलं ठोकून काढलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चामड्याच्या वाद्यांची जाळी विणली. झेल तिथे अडकतो. ते ठोकणं मला तेव्हा मुळीच आवडलं नव्हतं, पण त्याशिवाय माझा खळगा झाला नसता आणि खळगा नसलेल्या ग्लोव्हचा काही उपयोग नसतो.

माझा पहिला मालक होता वॉल्टर नावाचा मुलगा. तो मिशिगन राज्यातल्या नोव्हाय गावात राहायचा. तिथल्या मुलांच्या टीमचं नाव हेरन्स. हेरन म्हणजे बगळा, आणि टीमच्या निळ्या टोपीवर एका पायावर उभा असलेला बगळा होता. वॉल्टर चेंडू फेकायचा. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून तो झेलायचं काम करायचा त्याचा जिवलग मित्र रे. झेलणाऱ्याला कॅचर म्हणतात. पुढचा चेंडू कसा टाकायचा ते कॅचर मांड्यांच्या आडून बोटांच्या खुणांनी सांगतो. एक बोट म्हणजे वेगात, दोन बोटं म्हणजे वळवून, असं ठरलेलं असतं. रेची खूण मला लांबूनही ओळखू यायची, कारण एकदा चेंडू लागून त्याचं मधलं बोट मोडलं होतं आणि ते वाकडंच जुळून आलं होतं. त्याची दोन बोटं कधी सरळ अशी दिसलीच नाहीत.

एका सामन्यात माझ्या जाळीची वादी तुटली. दुसरा ग्लोव्ह कुठून आणणार? रेने सरळ आपल्या बुटाची तपकिरी नाडी काढली, माझ्या जाळीत ओवली आणि उरलेला सामना एक बूट फटफटत खेळला. ती नाडी आजही माझ्या अंगात आहे.

पुढे वॉल्टरच्या वडिलांनी एट माइल रोडच्या पलीकडे घर घेतलं. रस्ता ओलांडला की गाव बदलतं. लीगचा नियम असा, की ज्या गावात राहता त्याच गावाकडून खेळायचं. पलीकडची टीम मिलर्स, लाल टोपीवाली. हेरन्स आणि मिलर्स यांचं कधी पटलं नाही. नव्या टोपीत वॉल्टर पहिल्यांदा हेरन्सविरुद्ध उतरला, तेव्हा रेने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वॉल्टर घरी येऊन म्हणाला, बोलणं त्याने बंद केलंय, तेव्हा सुरूही त्यानेच करावं. रे तिकडे काय म्हणत होता, ते मला कसं कळणार? मला तेव्हापासून हे एक कोडंच होतं. रस्ता बदलला, टोपी बदलली, हे मला दिसत होतं. पण माझ्यात येणारा हात तोच होता आणि रेची नाडीही तीच होती, मग नेमकं बदललं काय?

दोघं मोठे झाले. वॉल्टर मोटारींच्या कारखान्यात लागला, रे दूर ॲरिझोनाला गेला, आणि मी तळघरात नाताळच्या दिव्यांच्या खोक्याखाली गेलो. माझं कातडं कोरडं पडलं. घर आवरताना कोणीतरी मला जुन्या सामानाच्या पिशवीत टाकलं आणि मी खेळाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात येऊन पुन्हा खुंटीला लागलो.

तिथून मला सोडवलं निमिष नावाच्या माणसाने. हे नागपूरचे गृहस्थ, कॉम्प्युटरचं काम करणारे, कॉलेजात क्रिकेट खेळलेले. त्यांनीही डावाच हात आत घातला. "हा तर उलटा आहे यार," असं ते पुटपुटले, आणि मग एकदम खूश झाले. त्यांची मुलगी स्वानंदी डावखुरी होती. घरी नेऊन त्यांनी मला क्रिकेटच्या बॅटला पाजतात तसं जवसाचं तेल पाजलं, तेही सढळ हाताने. मी आठवडाभर पखालीसारखा जड झालो होतो आणि घरभर माझा वास येत होता. पण खरं सांगू का, इतक्या वर्षांत माझी एवढी विचारपूस कोणी केली नव्हती. मला फार बरं वाटलं.

स्वानंदी तेव्हा नोव्हायमध्ये राहायची, त्यामुळे मी पुन्हा हेरन्समध्ये आलो. ती चेंडू फेकायची आणि तिची कॅचर होती क्लेअर, लाल केसांची, दात पुढे असलेली, भारी हट्टी मुलगी. दोघींचं गूळपीठ असं, की एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल शोधायची. स्वानंदीने तिला नागपूरच्या आतेभावंडांकडून शिकलेली कट्टी-बट्टी शिकवली होती. करंगळी दाखवली की कट्टी. तर्जनी आणि मधलं बोट जोडून पुढे केलं आणि समोरच्याने आपली दोन बोटं त्याला टेकवली की बट्टी. आणि कट्टी ज्याने केली असेल त्यानेच बट्टीसाठी यायचं, असाही एक नियम होता. क्लेअरला हे प्रकरण इतकं आवडलं, की ती उगीचच कट्टी करायची आणि पुढच्या डावाआधी बट्टी करून मोकळी व्हायची.

दोघींना आणखी एक नाद होता. त्यांच्या फोनवर रोज सकाळी बेसबॉलचं एक कोडं येई. चौकटींचा एक तक्ता, त्याच्या वरच्या आणि डाव्या कडेला मोठमोठ्या टीमची नावं. दोन टीम जिथे भेटतात त्या चौकटीत दोन्ही टीमकडून खेळलेल्या एखाद्या खेळाडूचं नाव भरायचं. सामन्याला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर त्या हे कोडं सोडवायच्या आणि मी मांडीवर बसून ऐकायचो. मला त्याची फार गोडी लागली. एवढे लोक टीम का बदलत असतील? कोणाला विकलं, कोणाला काढून टाकलं, कोणाला घराजवळ यायचं होतं. एकजण म्हणे सकाळी एका टोपीत जेवायला बसला आणि संध्याकाळी दुसऱ्या टोपीत खेळला. त्यांच्या जुन्या मित्रांनी मग काय केलं असेल? तक्त्यात ते लिहिलेलं नसायचं.

मैदानावर आमच्या बाकामागे सिमेंटची वाट होती. तिथे दोघी खडूने स्वतःचा तक्ता काढायच्या, आजूबाजूच्या गावांच्या टीमचा. बाकीच्या चौकटी भरायच्या. हेरन्स आणि मिलर्स यांची चौकट मात्र कायम रिकामी राहायची. क्लेअर म्हणायची, ही कधी भरणारच नाही, हेरन्स सोडून तिकडे कोण मरायला जाईल? आणि मी, जो स्वतः त्या चौकटीत बसलो होतो, तिच्या पायाशी गप्प पडून होतो. एवढं मोठं उत्तर पोटात ठेवून बसणं सोपं नसतं.

त्या हिवाळ्यात स्वानंदीच्या आईने, म्हणजे प्रीताने, घर घेतलं. ती मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे आणि भाड्याच्या घराला ती कंटाळली होती. घर छान होतं. मागे मॅपलचं झाड होतं आणि स्वानंदीला स्वतःची खोली मिळाली. फक्त ते एट माइल रोडच्या पलीकडे होतं.

स्वानंदीने ही बातमी सांगितली तेव्हा क्लेअरने करंगळी दाखवली आणि ती आईच्या गाडीत जाऊन बसली. स्वानंदी दुसऱ्या दिवशी बट्टीची वाट बघत होती, आठवड्यानेही बघत होती. बर्फ वितळलं तरी क्लेअर आली नाही. एकदा निमिष म्हणाले, "तूच फोन कर ना तिला." स्वानंदी म्हणाली, "नो, बाबा. कट्टी शी डिड. बट्टी पण तिनेच करायची. दॅट्स द रूल." हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, आणि तेव्हा त्याचं काय झालं ते मला ठाऊक होतं. मला काळजी वाटायला लागली.

वसंतात मिलर्सचा पहिला सामना झाला. स्वानंदीच्या डोक्यावर लाल टोपी आणि समोर ओवेन नावाचा नवा कॅचर. तसा बरा मुलगा होता, फक्त लाजाळू. पहिल्याच चेंडूआधी त्याने खाली एक बोट दाखवलं आणि लगेच करंगळी हलवली.

माझ्या आत स्वानंदीचा हात थंड पडला. तिला वाटलं, यानेही कट्टी केली. जुनी टीम बोलत नाही, नव्या टीमलाही मी नको आहे. तिचा पहिला चेंडू ओवेनच्या डोक्यावरून गेला, दुसरा जमिनीत. ओवेन बिचारा प्रत्येक वेळी करंगळी आणखी जोरात हलवायचा आणि स्वानंदीचे डोळे आणखी भरायचे. शेवटी कोचने तिला बाहेर बोलावलं.

गाडीत ती म्हणाली, "आय ॲम डन, बाबा. मला नाही खेळायचं."

"अगं, एकच मॅच खराब गेली," निमिष म्हणाले. "तेवढ्यावरून सगळा सीझन कॅन्सल करणार आहेस का?"

घरी गेल्यावर तिने मला कपाटात टाकलं आणि दार लावलं.

मे महिन्यात प्रीताने गराज सेल मांडला. इकडे लोक नको असलेल्या वस्तू घरापुढे मांडतात आणि शेजारीपाजारी येऊन स्वस्तात घेऊन जातात. जादाच्या कुकरशेजारी स्वानंदीने मला आणून ठेवलं. निमिषनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माझ्यावर पिवळं लेबल चिकटवलं. खूप जणांनी मला उचललं, डावा हात घालून बघितला आणि परत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला डावखुरं नसलेल्या लोकांबद्दल प्रेम वाटलं.

दुपारी एक उंच, वाकलेले आजोबा आले. त्यांनी मला उचललं आणि न बघताच उजवा हात आत घातला.

मित्रांनो, मी तो हात ओळखला. बोटं जाड झाली होती, सांधे सुजले होते, पण प्रत्येक बोट आपापल्या जागी जाऊन बसलं. वॉल्टरने मला उलटं केलं, जाळीतल्या तपकिरी नाडीवरून अंगठा फिरवला आणि तो खुर्चीत बसला. निमिष पाणी घेऊन धावत आले.

"ही नाडी माझ्या मित्राच्या बुटाची आहे," तो म्हणाला.

मग त्याने स्वानंदीला सगळं सांगितलं, पहिली निळी टोपी, मग लाल टोपी आणि रे. वॉल्टर आता रोडच्या याच बाजूला, चार घरं सोडून राहत होता. स्वानंदी ऐकता ऐकता कुकरचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. तिने विचारलं, म्हणजे तुम्ही दोन्हींकडून खेळलात? तो म्हणाला, खेळलो की. मग तिने विचारलं, रे नंतर कधी बोलला का? वॉल्टरने नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "मी त्याची वाट बघत राहिलो. आता वाटतं, तोही माझी बघत असेल."

तिने झाकण खाली ठेवलं. मग हळूच तिने ओवेनच्या करंगळीचं सांगितलं. वॉल्टरला आधी काही समजेना. समजलं तेव्हा तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. करंगळी हलवणं म्हणजे चेंडू फलंदाजापासून लांब टाक, एवढंच. ती कॅचरची जुनी खूण होती. ओवेनला नागपूरची कट्टी कुठून माहीत असणार? स्वानंदी लाजली आणि मग तीही हसायला लागली. वॉल्टरने मला विकत मागितलं नाही. त्याने माझ्यावरचं पिवळं लेबल सोललं आणि मला तिच्या उजव्या हातात घातलं.

जूनमध्ये हेरन्सशी सामना आला. मैदान जुनंच, आमच्या सिमेंटच्या वाटेचं. वॉल्टर घडीची खुर्ची घेऊन निमिषशेजारी बसला होता. स्वानंदी बरी खेळत होती. ओवेन करंगळी हलवायचा आणि ती चेंडू बरोबर लांब टाकायची. एक फलंदाज बाद झाला होता. मग क्लेअर बॅट घेऊन आली. ती जमिनीकडे बघत होती, बॅटने माती खरवडत होती, आणि मला एकदम रेची आठवण झाली. तोही असाच जमिनीकडे बघायचा.

स्वानंदी चेंडू टाकेना. ओवेनने खूण केली, परत केली. मग तिने चेंडू माझ्या स्वाधीन केला, डावा हात वर केला आणि क्लेअरकडे दोन बोटं धरली.

त्याबरोबर मिलर्सच्या सगळ्या पोरांनी दोन बोटं वर केली. दोन बाद झाले की खेळाडू एकमेकांना असं दाखवून आठवण करून देतात, आणि त्यांना वाटलं ही तेच सांगते आहे. कोच बाहेरून ओरडले की एकच बाद आहे, एकच. पोरं गोंधळली. पंच बोटांवर हिशेब करू लागले. त्या सगळ्या गोंधळात एकट्या क्लेअरला ती दोन बोटं कशाची ते कळलं. तिने मान वर केली, बॅटवरचा एक हात सोडला आणि आपली दोन बोटं हेल्मेटला टेकवली.

बट्टी झाली म्हणून क्लेअरने दयामाया दाखवली असेल, असं समजू नका. पुढचाच चेंडू तिने असा हाणला, की तो सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि ती धावत थेट दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या दुसऱ्या टप्प्यावर, जाऊन उभी राहिली. चेंडू परत माझ्याकडे आला. स्वानंदी तिच्याकडे चालत निघाली, तशी क्लेअरला शंका आली की ही आपल्याला फसवून बाद करणार. बेसवर पाय असला की बाद करता येत नाही, म्हणून तिने दोन्ही पाय बेसवर घट्ट रोवले. स्वानंदीने मला तिच्यापुढे उघडं धरलं, आत चेंडू दाखवला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं पुढे केली. क्लेअरने ती टेकवली. नियमाने बोटं टेकवावीच लागतात.

"आय वॉज गोइंग टु कॉल," क्लेअर म्हणाली. "एव्हरी डे आय सेड, टुमॉरो."

सामन्यानंतर दोघींनी वाटेवर खडूने तक्ता काढला. हेरन्स आणि मिलर्सच्या चौकटीत क्लेअरने स्वतःच्या हाताने स्वानंदीचं नाव लिहिलं. स्वानंदीने तिथे वॉल्टरचं नाव लिहिलं. मग क्लेअरने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, याचं नाव काय? मला नाव नाही. तेव्हा तिने उरलेल्या जागेत माझं चित्र काढलं, अंगठा योग्य बाजूला ठेवून. मी पुष्कळ झेल घेतले आहेत, पण एवढा आनंद मला एकाही झेलाने दिला नव्हता.

वॉल्टर तिथे वाकून ते बघत होता. त्याने स्वानंदीला विचारलं, ती बोटं कशी धरतात ते मला दाखव. मग उजव्या हातात मला घालून, डाव्या हाताची दोन बोटं पुढे करून तो उभा राहिला आणि निमिषनी फोटो काढला. तो रेला पाठवण्यासाठी त्याच्या मुलीचा पत्ता शोधायला निमिषना दोन दिवस लागले. फोटोखाली वॉल्टरने लिहायला सांगितलं, नाडी अजून आहे, आणि या बोटांचा अर्थ काय तेही लिहायला सांगितलं.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे मागणी फार नाही. खेळून आल्यावर ग्लोव्ह पुसावा, आत चेंडू ठेवून बांधून ठेवावा, तळघरात टाकू नये. तेल द्यावं, पण निमिषएवढं नको. आणि कोणाशी कट्टी असेल तर ती कोणी केली होती हे शोधत बसू नका. वाट बघता बघता एक माणूस म्हातारा झालेला मी पाहिला आहे, आणि मला ते पुन्हा बघायचं नाही.

काल संध्याकाळी वॉल्टर फोन घेऊन आमच्या दारात आला. त्याने फोन स्वानंदीच्या हातात दिला. मी तिच्या मांडीवरच होतो, त्यामुळे मलाही दिसलं. ॲरिझोनाहून फक्त एक फोटो आला होता. त्यात एक सुरकुतलेला हात होता आणि पुढे केलेली दोन बोटं होती, त्यातलं मधलं बोट वाकडं.